किनाऱ्यावरच्या घरात बजरीगर: पहिल्यांदा पक्षी आणणाऱ्यांसाठी

बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो लहान परदेशी पोपट, आजारी आहे हे आपल्या लक्षात येतं, तोवर त्याच्या आजाराला दोन-तीन दिवस होऊन गेलेले असतात. थव्यातला पक्षी अशक्त दिसला की शिकारी त्यालाच हेरतो. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो दांडीवर ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो, शेजारच्याशी किलबिलतो. मग एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो आणि आपली धावाधाव सुरू होते. चौदा वर्षांत माझ्याकडचे जे पक्षी गेले, त्यातले निम्मे तरी या उशिरामुळे गेले. जोडी कुठून आणू, पिंजरा केवढा घेऊ, हे विचारायला कोणी आलं की मी आधी विचारते, रोज सकाळी पाच मिनिटं नुसतं बघत बसायला जमेल का? जमणार असेल तर पुढचं सगळं शिकता येतं.

आमचं घर कोकणात, दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या अलीकडे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. कौलारू, पुढे पडवी, मागे परस. खाली सांगते आहे ते अशा घरासाठी आणि अशा हवेसाठी. घाटावरची माणसं सहा महिन्यांचा दाणा भरून ठेवतात, एकच पिंजरा वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याकडे ते चालत नाही. इथे मांजरापेक्षा ओलीची भीती जास्त.

कोणता पक्षी आणायचा

कोकणात पक्षी पाळायचा म्हटलं की आधी पोपटच आठवतो. माडाच्या ढोलीत पोपटांची घरटी असतात. माड पडला की पिल्लं खाली येतात आणि कोणीतरी ती टोपलीत घालून घरी नेतं. आजीच्या ओटीवर पोपट होता, हे खरं. पण आपल्याकडचा हिरवा पोपट, मैना, मुनिया हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. रंग लावून विकायला आणलेल्या मुनियाही त्यातल्याच. पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. माणूस येईपर्यंत त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

सुरुवात बजरीगरापासून करा. आपल्या बाजारात त्यालाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि चांगलाच चावरा. बजरीगर ऑस्ट्रेलियातला. लांब शेपटी, मानेवर काळ्या लहरी, वजन 30 ते 40 ग्रॅम. नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं जगतो, एखादा दहाही. त्याला आणि तुरेवाल्या कॉकाटीलला सरकारी नोंदणी लागत नाही. बरेचसे लव्हबर्ड आणि मोठे परदेशी पोपट मात्र सायटिस (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या यादीत आहेत आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ते सगळं पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका.

एकटा पक्षी आणू नका. तुम्ही दिवसभर घरी असलात तरी त्याला त्याच्या जातीचं कोणीतरी हवंच. पिल्लं नको असतील तर दोन नर घ्या, ते छान राहतात. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग असतो तो मोठ्या नरात बहुधा निळा, मादीत पांढुरका किंवा तपकिरी. लहान पक्ष्याच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो. मोठेपणी रेघा मागे हटतात, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ येतं. माणसाळवायचा असेल तर रेघावालाच घ्या. दुकानात दहा मिनिटं उभं राहा. शेपटीखालची पिसं चिकट, नाकपुड्या ओल्या, किंवा श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल तर तो पक्षी घेऊ नका. त्याच पिंजऱ्यातला दुसराही घेऊ नका. कीव येते आणि आपण घेतो, मीही घेतला आहे. त्याच्याबरोबर आजार घरातल्या बाकीच्या पक्ष्यांकडे आला.

पक्ष्याआधी पिंजरा

पिंजरा आठवडाभर आधी आणा आणि जागेवर लावून ठेवा. बजरीगर आडवा उडतो, त्यामुळे उंच आणि अरुंद पिंजऱ्याचा त्याला उपयोग नाही. जोडीला निदान 60 सेंटीमीटर लांब, 40 रुंद, 40 उंच. दोन तारांमधलं अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. या सव्वा सेंटीमीटरबद्दल सविस्तर सांगायला हवं.

माझा पहिला पिंजरा पडवीत वाशाला टांगलेला होता आणि त्याच्या तारा एकमेकींपासून चांगल्या दोन बोटं लांब होत्या. ऑगस्टमधली रात्र, पाऊस मी म्हणत होता, म्हणून आवाज आला नाही. सकाळी फडकं काढलं तर आत पक्षी नव्हते. धामणीचं वेटोळं होतं. कौलांतून वाशावर उतरून ती आत शिरली होती आणि पोट फुगल्यामुळे तिला त्याच फटीतून बाहेर पडता येत नव्हतं. पाण्याच्या वाटीला दोन पिवळी पिसं चिकटलेली होती. सर्पमित्राने तिला नेऊन रानात सोडलं, तिचा काही दोष नव्हता. तेव्हापासून पिंजरा रात्री आत, माजघरात येतो, आणि तारांचं अंतर मी पट्टीने मोजून घेते. उंदीरही त्याच फटीतून येतात आणि झोपलेल्या पक्ष्याचे पाय कुरतडतात.

दुसरी गोष्ट गंजाची. खाऱ्या वाऱ्यात साधा पिंजरा दोन पावसाळ्यांत गंजतो, रंगाचे पोपडे निघतात आणि पक्षी ते चघळत बसतो. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी त्याहून वाईट, कारण पोटात गेलेलं जस्त पक्ष्याला विष आहे. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा घ्या, नाहीतर चांगल्या पावडर कोटिंगचा. दर महिन्याला सांध्यांवरून बोट फिरवा. बोटाला तांबूस लागलं तर पिंजरा बदलायची वेळ जवळ आली आहे.

आत दांड्या प्लॅस्टिकच्या नकोत. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर बसून पायाला आतून फोड येतात. पेरूच्या, जास्वंदीच्या किंवा सुरूच्या फांद्या आणा, बोटाएवढ्या जाड, एक थोडी बारीक, एक थोडी जाड. किनाऱ्यावर सुरूचं बन असेल तर वादळवाऱ्यात पडलेल्या फांद्या फुकट मिळतात. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरही वाढतं, आणि माझे पक्षी त्याची साल सोलण्यात दुपारच्या दुपार घालवतात. कण्हेरीची फांदी मात्र चुकूनही नको, ती विषारी आहे. कोणतीही फांदी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच आत घाला.

जागा अशी हवी की एक बाजू भिंतीला टेकेल, उंची आपल्या डोळ्यांइतकी असेल, सकाळचं कोवळं ऊन पोचेल आणि पागोळ्यांचे तुषार पोचणार नाहीत. स्वयंपाकघरात ठेवू नका. कारण पुढे येईल.

पहिला आठवडा

हवेला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणा. उघड्या पिंजऱ्यातून एसटीच्या खिडकीशी धरून आणू नका. घरी आल्यावर पिंजऱ्यात सोडा, दाणापाणी ठेवा आणि दोन-तीन दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका. शेजारची मुलं बघायला येतील, त्यांना लांबून बघू द्या. नंतर रोज तीन-चारदा पिंजऱ्याजवळ बसून हळू बोला. आठवडाभराने हातावर राळ्याचं कणीस धरून हात आत स्थिर ठेवा. पंधरा दिवस लागतील, कधी दोन महिने. पकडून हातात घेतलात तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. तो पहिल्यांदा बोटावर बसतो तेव्हा वजन जाणवत नाही, पायांची ऊब तेवढी जाणवते. त्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते, 41 अंशांच्या आसपास.

दाणा, पाणी, समुद्रफेण

एका पक्ष्याला दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणे पुरतात. राळा (दुकानदार त्याला कांगणी म्हणतो), वरीचा सालासकट दाणा, नाचणी, थोडी बाजरी. वरी-नाचणी आपल्या वरकस जमिनीतलं धान्य, गावात कोणी पेरत असेल तर त्यांच्याकडूनच घ्या. त्याला औषध मारलेलं नसल्याची खात्री तोंडावर करता येते.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक या वाटीपाशीच होते. बजरीगर दाणा सोलून गर खातो आणि फोल परत वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि ती असते नुसती फोलपटांची. घरातले म्हणतात, आज त्यांनी काही खाल्लंच नाही वाटतं, आणि वाटी तशीच राहते. आमच्या आळीत एका घरी चार दिवस सगळे लग्नाला गेले होते. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, वाटी रिकामी झाली की भरा. वाटी रिकामी झालीच नाही. परत आले तेव्हा दोन्ही पक्षी तळाशी पडले होते. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, किती फोल उडतं आणि खाली काय राहतं ते बघा. उरलेले दाणे पाखडून टाका, वाटी पुसा, ताजे घाला.

नुसत्या दाण्यांवर पक्षी लठ्ठ होतो आणि यकृताचे आजार लवकर येतात. रोज थोडा पाला द्या. शेवग्याचा पाला, लाल किंवा हिरवा माठ, कोथिंबीर, किसलेलं गाजर, काकडीची फोड, कोवळ्या मक्याचं कणीस. धुतलेली ओली माठाची जुडी पिंजऱ्याच्या छताला बांधा. काही पक्षी त्या पाण्याने भिजलेल्या पानांत शिरून अंग घासतात, आंघोळच करतात, पिसं विस्कटून, डोळे मिटून. मला त्यांच्यातलं जे सगळ्यात आवडतं ते हेच. कितीही घाई असली तरी मी ते बघायला थांबते. दोन तासांनी उरलेला पाला काढून टाका.

हे मात्र कधीच नको: चहा-कॉफी, चॉकलेट, मीठ आणि मिठाचे पदार्थ (फरसाण, खारे दाणे), कांदा-लसूण, अॅव्होकाडो. पाहुणे प्रेमाने वेफर देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, समुद्रफेण टांगा. दुकानात पैसे देऊन आणतात तो पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा म्हणजे माकुलाच्या भाऊबंदांपैकी एकाच्या पाठीतलं हाड. आपल्या वाळूवर पावसाळ्यानंतर ते असंच पडलेलं मिळतं. घरी आणून पाच-सहा दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग उकळा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. जिभेला लावून बघा, खारट लागलं तर पुन्हा भिजत. मऊ बाजू आतल्या अंगाला येईल असं तारेला बांधा.

रोजची पाच मिनिटं

सकाळी फडकं काढल्यावर लगेच दाणे घालू नका. चहाचा कप घेऊन दोन हातांवर बसा.

आधी ऐका. निरोगी जोडी उजेड आल्याबरोबर बोलायला लागते. मग बघा, कोण पिसं फुगवून बसलं आहे. झोपेत सगळेच फुगतात, पण उठल्यावर, ऊन आल्यावरही चेंडूसारखा गोल बसलेला पक्षी बरा नाही. दोन्ही पायांवर फुगून झोपलेला तर नक्कीच नाही, कारण निरोगी पक्षी बहुधा एक पाय पोटात घेऊन झोपतो. शेपटी श्वासाबरोबर हलते का? चोच उघडी आहे का? मग तळाचा कागद काढा. मी तळाशी वर्तमानपत्रच घालते, भुसा नाही, कारण कागदावर शीट स्पष्ट दिसते. हिरवट काळपट वेटोळं, त्यात पांढरा ठिपका, बाजूला किंचित ओल, ही बरी. दिवसभर नुसतं पाणी, गडद शेंदरी किंवा काळीकुट्ट, किंवा आख्खे दाणे बाहेर आलेले दिसले तर डॉक्टरला फोन. कागद झाडण्याआधी त्यावर पाणी शिंपडा आणि नाकाला फडकं बांधा. वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसालाही सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. घरात कुणाचा ताप-खोकला लांबला तर आमच्याकडे पक्षी आहेत हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आठवड्यातून एकदा वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. वर डबी ठेवा, डबीत पक्षी. 35 ग्रॅमच्या पक्ष्याचे तीन-चार ग्रॅम कमी झाले म्हणजे त्याचा दहावा हिस्सा गेला, आणि पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही. कॅलेंडरवर तारखेशेजारी आकडा लिहून ठेवा. माझ्या गेल्या दोन आजारी पक्ष्यांचा आजार आधी त्या आकड्याने सांगितला आणि ते दोघेही वाचले.

पावसाळा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून भिंतीला हात लावला तर ओला होतो, चपलांवर बुरशी येते. तीच बुरशी दाण्यावर येते आणि तिथून पक्ष्याच्या फुप्फुसांत जाते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. तिथे बुरशीने घर केलं की ती निघता निघत नाही.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्याकडे पाच पक्षी होते. कौलं उडायला लागली तशी मी पिंजरा न्हाणीघरात नेला, वर स्लॅब आहे म्हणून. दार लावून त्यांच्याजवळ बसले. ते पाचही जण एका दांडीवर एकमेकांना चिकटून होते, आवाज नाही. वादळ गेलं, पक्षी वाचले. लाईट गेली ती कित्येक दिवस आली नाही. दाण्याचा डबा मात्र भिजला होता. बाजार बंद, रस्त्यांवर झाडं. मी तो दाणा सुपात पसरून मिळेल त्या उन्हात वाळवला आणि तोच घालत राहिले. तीन आठवड्यांनी एका मादीच्या श्वासाचा टक टक आवाज यायला लागला. मग ती बसल्या जागी मान लांब करून श्वास घेऊ लागली. फोनवर डॉक्टरांनी लक्षणं ऐकून बुरशीचाच संशय सांगितला. पाचव्या दिवशी ती गेली. भिजलेला दाणा वाळवून पुन्हा वापरू नका. कितीही कोरडा दिसला तरी नको. तो कोंबड्यांनाही घालू नका, फेकून द्या.

म्हणून मे महिन्यात हे करून ठेवा. दाणा उन्हात दोन दिवस घालून, गार करून, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा, एका बाटलीत पंधरा दिवसांचा. एक बाटली मेण लावून वेगळी, फक्त वादळासाठी. पावसात एका वेळी एका महिन्यापेक्षा जास्त विकत घेऊ नका. डबा उघडलात की आधी वास घ्या. कुबट वास आला किंवा दाण्यांना जाळी धरलेली दिसली तर विचार न करता टाका. शेंगदाणे पावसाळ्यात अजिबात नकोत, त्यांच्यावरच्या बुरशीचं विष फार जहाल असतं. मोड आणलेले दाणेही या दिवसांत आंबतात. ते ऑक्टोबरपर्यंत थांबवा.

ओले कपडे पिंजऱ्याच्या खोलीत वाळत घालू नका. पाऊस उघडला की दारं-खिडक्या उघडा. रात्री पिंजऱ्यावर फडकं तीन बाजूंनी घाला, एक बाजू हवेला मोकळी. खोलीत झिरोचा दिवा असू द्या. अंधारात वीज कडाडली की बजरीगर घाबरून तारांवर आपटतात आणि पंख मोडून घेतात. हे एकदा बघितलंत की दिवा विसरणार नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात: चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, म्हणजे त्याला उकडतं आहे. सावली, वारा, पसरट बशीत पाणी.

धूर आणि तवा

नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, साधारण 260 अंशांच्या पुढे गेला, की त्याच्या थराचा वायू सुटतो. माणसाला त्याचा वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. घावनांसाठी तवा आधी तापत ठेवायची आपली सवय आहे, म्हणून हे आपल्या घरांत जास्त जपायचं. पक्षी आणायचे असतील तर घावनं बिड्यावर (ओतीव लोखंडाच्या तव्यावर) घाला. ती चांगलीही होतात.

डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, डांबरगोळ्या, फवारे, चुलीचा धूर, या सगळ्यांपासून पिंजरा लांब. गणपतीत हे सगळ्यात अवघड जातं. घर माणसांनी भरलेलं, धूप, झांजा, रात्रीची आरती. गणपती यायच्या आदल्या दिवशीच मी पिंजरा मागच्या खोलीत हलवते, दाराला कडी घालते आणि चाकरमान्यांच्या मुलांना दुपारी एकदाच, दोघा-दोघांना, बघायला नेते.

मडकं

दुकानदार पिंजऱ्याबरोबर मडकंही देईल. ते माळ्यावर ठेवा. मडकं दिसलं की मादी अंडी घालते, चार ते सहा, अठराएक दिवस उबवते, आणि पिल्लं महिन्याभराने बाहेर पडतात. लगेच पुन्हा. माझी पिवळी नावाची मादी होती. तिने एका वर्षात चार वेळा अंडी घातली आणि मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होते. पाचव्या वेळी अंडं अडकलं. सकाळी ती तळाशी, शेपटी खालीवर, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या हाडांतला चुना संपला होता. तालुक्याच्या गावापर्यंत तिला नेलं, ती वाटेतच माझ्या ओच्यात गेली. वर्षातून दोनदा, जास्त नाही, मग मडकं काढून घ्यायचं. आणि मादी एक वर्षाची झाल्याशिवाय तर मडकं द्यायचंच नाही.

आजारी पडला तर

आधी ऊब. पुठ्ठ्याचा खोका, तळाला मऊ फडकं, एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, दुसरी बाजू मोकळी. आत 30 अंशांच्या आसपास राहू द्या, नको वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यायला हवं. दाणे आणि पाणी त्याच्या चोचीसमोर. अंधुक उजेड, शांतता. मग फोन. हा फोन नंबर आधीच मिळवून ठेवायचा असतो. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त, सगळेच डॉक्टर एवढा लहान पक्षी हाताळत नाहीत. पक्षी विकत घ्यायच्या आधी जाऊन विचारा, आणि चिपळूण, रत्नागिरी, कोल्हापूर इथे कोण पाहतं याची चौकशी करा. मुंबईत नातेवाईक असतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण तिथे पोचेपर्यंत दिवस जातो. कोंबड्यांची पावडर पाण्यात घाला, असं कोणी ना कोणी सांगेलच. घालू नका. त्याने शीट दोन दिवस सुधारते आणि खरा आजार झाकला जातो.

गावात कावळे किंवा कोंबड्या मरताना दिसल्या तर पिंजरा घरात घ्या आणि दवाखान्याला कळवा. 2021 च्या जानेवारीत आपल्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता.

गेला तर

हे लिहायचं टाळता येणार नाही. पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घरात हा दिवस येतो आणि तो दिवस कसा घालवायचा हे कोणी सांगत नाही.

परसात दीड हात खोल खड्डा काढा, उथळ पुरलं तर मुंगूस आणि कुत्री उकरतात. कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. माझे सगळे जास्वंदीच्या ओळीखाली आहेत. घरात मूल असेल तर त्याला बरोबर घ्या. 'उडून गेला' असं सांगू नका, ते पुढचे कित्येक दिवस खिडकीत बसून राहतं. माझ्या मुलीला मी तसं सांगितलं होतं आणि तिने तीन रात्री खिडकी लावू दिली नव्हती.

शेजारीपाजारी म्हणतील, "बाय, मुठीएवढा तो पक्षी, दुसरा आण." ते वाईट मनाने म्हणत नाहीत. पण तुम्हाला रडू येत असेल तर रडा. आमच्याकडे निळू नावाचा नर होता, तो आठ वर्षं जगला. भिंतीवरच्या पालीचं ऐकून ऐकून तो तिच्यासारखं चुकचुकायला शिकला होता, अगदी हुबेहूब. कोणी काही बोललं आणि तो चुकचुकला की सासूबाई बोटांनी जमिनीवर टिचक्या वाजवून "कृष्ण कृष्ण" म्हणायच्या. तो निळू आहे हे माहीत असूनही म्हणायच्या. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. अजूनही पाल चुकचुकली की आम्ही दोघी आधी पिंजऱ्याकडे बघतो.

मागे राहिलेल्या जोडीदाराकडे त्या दिवसांत जास्त लक्ष द्या. तो हाका मारतो, दांडीच्या ठरलेल्या टोकाला जागा सोडून बसतो, खाणं कमी करतो. रोज वजन करा. पिंजरा जास्त लोकांत आणा, त्याच्याशी बोला, रेडिओ लावून ठेवा. गेलेल्याच्या वाट्या, दांड्या उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात टाका, फांद्या जाळून नव्या घाला. कशाने गेला हे कळलं नसेल तर निदान महिनाभर नवा पक्षी आणू नका.

आणि आणाल तेव्हा त्याला सरळ जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नका. तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी वाटी, आधी जुन्याचं काम मग नव्याचं, मध्ये साबणाने हात. पहिल्या दिवशी दोघांना एकमेकांचा फक्त आवाज जाईल. जुना मान वाकडी करून ऐकत राहील आणि मग उत्तर देईल. तीस दिवस पूर्ण होईपर्यंत तेवढंच होऊ द्या.